चुनखडीच्या गुहेत नेमकं बघायचं काय?

शंकासुर
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात एक चुनखडीची गुहा बघून आलो. लेणी नव्हेत बरं का. लेणी माणसाने छिन्नीने खोदलेली असतात, ही पाण्याने कोरलेली. छतातून दगडी सुळके लोंबतायत, खालून दुसरे उगवतायत, अशी.

पंचवीस जणांच्या घोळक्यात आत गेलो. गाईडकडे मोठी बॅटरी. तो झोत मारायचा आणि म्हणायचा, "हा बघा हत्ती." आम्ही म्हणायचो, "हो हो, हत्ती." मग सिंह, मग मगर, मग मूल कडेवर घेतलेली बाई. जांभळे, हिरवे, लाल दिवे. चाळीस मिनिटांत बाहेर. बाहेर आल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, पण हे सगळं झालं कसं?" मी म्हटलं, "पाण्याने." ती म्हणाली, "पाण्याने दगड झिजतो ना? मग हे वाढलं कसं?" आणि मी गप्प. तिचं म्हणणं बिनतोड होतं.

दोन महिन्यांनी दुसरी एक गुहा बघायचा योग आहे. जाणकारांनी सांगावं, आत गेल्यावर बघायचं काय? की हत्ती, सिंह, मगर एवढाच त्यातला मुद्देमाल असतो?

टिंबटिंब
हत्तीला सोंड होती का? नसेल तर तक्रार करा.

शंकासुर
सोंड गाईडच्या बोलण्यात होती.

खडकमाणूस
लेकीला शाबासकी द्या, प्रश्न अगदी नेमका आहे. पाणी एकाच प्रवासात दोन कामं करतं. वर चोरी करतं आणि खाली येऊन चोरीचा माल टाकतं.

पावसाचं पाणी हवेतून थोडा कार्बन डायऑक्साइड उचलतं, पण खरा साठा मातीत. मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास घेतात, त्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू भरपूर असतो. तो घेऊन पाणी सौम्य आम्ल होतं आणि चुनखडीच्या भेगांतून उतरताना तिला विरघळवत जातं. गुहेच्या छताशी पोचलं की आतल्या हवेत हा वायू मातीपेक्षा कमी. मग सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तेच होतं, वायू निसटतो. तो गेला की पाण्याला विरघळलेला सगळा माल पेलवत नाही. थेंबाच्या कडेला कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडी ज्या खनिजाची बनते त्या कॅल्शियम कार्बोनेटचं, केसाएवढं बारीक कडं उरतं. पुढचा थेंब त्याच्याखाली दुसरं कडं ठेवतो. असं कड्याखाली कडं जडत पोकळ नळी तयार होते, थेंबाच्याच रुंदीची, पाचेक मिलिमीटरची. छताला लटकलेला प्रत्येक जाडजूड सुळका लहानपणी अशी नळी होता. नळी आतून तुंबली की पाणी बाहेरून ओघळायला लागतं आणि सुळका जाड होतो.

खाली पडलेला थेंब फुटतो, उरलेला वायू सोडतो आणि तिथे ढीग चढत जातो. म्हणून खालच्याचं डोकं बोथट असतं आणि त्याच्या पोटात नळी नसते.

एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो: पाणी सुकतं आणि चुना उरतो. बहुतेक गुहांमध्ये हवा इतकी दमट असते की सुकायला वावच नसतो. काम वायू निसटण्याचं आहे.

तर बघायचं काय? पाणी बघा. कुठून येतंय, कुठे थांबतंय, कुठे आटलंय. सुळक्याच्या टोकाला थेंब असेल तर तो अजून वाढतोय. टोक कोरडं, मळकट असेल तर त्याचं पाणी कधीतरी दुसऱ्या वाटेने गेलं.

भटकभवानी
वा! शाळेत 'अधोमुखी लवणस्तंभ' आणि 'ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ' पाठ केले होते. परीक्षेत दोन्हींच्या आकृत्या हमखास उलट्या. आज पहिल्यांदा कळलं की खालचा वरच्याच्या उष्ट्यावर वाढतो.

काजवा
लवणस्तंभ म्हणजे मिठाचा खांब ना? चाटून बघितला का कोणी?

खडकमाणूस
चाटू नका. रसायनशास्त्रात लवण म्हणजे फक्त मीठ नव्हे. आम्लाचा आम्लारीशी संयोग झाला की जे बनतं ते लवण. कॅल्शियम कार्बोनेट त्याच अर्थाने लवण आहे, चव बेचव.

काजवा
"चव बेचव" हे तुम्हाला कसं कळलं?

खडकमाणूस
पुढचा प्रश्न.

लिंबलोण
अधोमुखी-ऊर्ध्वमुखीने जीभ वळते. स्टॅलॅक्टाइट-स्टॅलॅग्माइटनेही वळते. या धाग्यापुरतं 'लोंबता' आणि 'उगवता' म्हणू या का?

टिंबटिंब
लोंबता आणि उगवता भेटले की?

लिंबलोण
खांब. तोपर्यंत मधे दोन बोटांचं अंतर उरलेली जोडी दिसली तर तिथे जरा थांबा. मी अशी एक बघितली होती. मान वर-खाली, वर-खाली. बरोबरचे सगळे पुढे निघून गेले.

वाकडी_वाट
मला विचाराल तर हत्ती-सिंहवाल्या गाईडांवर आणि रंगीत दिव्यांवर बंदी घाला. लाखो वर्षांचं काम समोर उभं आणि आपण त्यात मगर शोधतोय. शिवाय दगडाचा खरा रंग दिसतच नाही. शुद्ध कॅल्साइट पांढरा, लोहाची संयुगं आली की तांबूस-पिवळा, मँगनीजने काळा. त्या रंगांत पाण्याने वाटेत काय काय उचललं ते लिहिलेलं असतं. त्यावर जांभळा दिवा मारणं म्हणजे पैठणीला डांबर फासणं.

ओसरी
@वाकडी_वाट, दिव्यांबद्दल सहमत, हत्तीबद्दल नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि मुलांना अशा ठिकाणी नेलेलं आहे. कॅल्साइट म्हटलं की तीस चेहरे कोरे. हत्ती म्हटलं की तीस बोटं वर. एकदा बोट वर आलं की पुढचं विचारता येतं, "बरं, या हत्तीचा पाय ओला का आहे?" आकार हा दरवाजा आहे. तिथेच बसून राहणं वाईट, दरवाजा वाईट नाही.

आणि माणूस गुहेला गोष्ट जोडणारच. आंध्रातल्या बोर्रा गुहांची गोष्ट सांगतात की गाय वरच्या भोकातून आत पडली, गुराखी शोधत गेला तर आत शिवलिंगासारखा दगड. तिथून वाहणाऱ्या नदीचं नाव गोस्तनी. ते लिंग म्हणजे आपला उगवताच. पण गोष्ट नसती तर मला आज नदीचं नाव आठवलं नसतं.

वाकडी_वाट
ताई, तुमच्यासारखा गाईड असेल तर माझी बंदी मागे. पण असतो कुठे?

पाणकोळी
गोष्टींवरून आठवलं. स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत ओल्म नावाचा प्राणी आहे. फिकट गुलाबी, आंधळा, लांबुडका, कानामागे तांबडे कल्ले. पुरात वाहून बाहेर आले की लोकांना वाटायचं ही ड्रॅगनची पिल्लं. वाल्वासोर नावाच्या गृहस्थाने १६८९ मध्ये हे लिहून ठेवलंय. हा प्राणी कित्येक वर्षं उपाशी राहू शकतो. २०१६ मध्ये त्याच गुहेतल्या टाकीत ओल्मची अंडी उबून पिल्लं निघाली तेव्हा जगभर बातमी झाली होती.

पोस्तोयनात १८७२ पासून रूळ आहेत. सुरुवातीला डबे गाईड लोक हातांनी ढकलत. १८८४ मध्ये आत विजेचे दिवे आले. भूशास्त्रात अशा चुनखडीच्या भूप्रदेशाला 'कार्स्ट' म्हणतात, तो शब्दही तिकडच्या क्रास पठारावरूनच आला.

टिंबटिंब
डबे ढकलायचे आणि वर हत्तीही दाखवायचा. आताचे गाईड सुखात आहेत.

मृदगंध
एक व्यावहारिक प्रश्न. आत स्वेटर लागतो का? एक म्हणतो कुडकुडलो, दुसरा म्हणतो घामाने निथळलो.

खडकमाणूस
दोघेही खरे. गुहेच्या आतल्या भागाचं तापमान साधारण त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीएवढं असतं आणि वर्षभर जवळपास हलत नाही. पोस्तोयनात दहा अंशांच्या आसपास, म्हणून उन्हाळ्यातही जॅकेट. आंध्रातल्या बेलम गुहेत मात्र घाम निघतो. आणि पायात पकड असलेले बूट, कारण जमीन ओली असते. चप्पल घालून गेलेल्यांच्या कथा ऐकायला मी तयार आहे.

मृदगंध
चप्पल घालून गेले होते. कथा सांगणार नाही.

उंबरठा
मला बंद जागेची धास्ती वाटते. जमेल का?

भटकभवानी
मलाही वाटते. लोकांसाठी खुल्या केलेल्या गुहांमध्ये बरेचदा मोठमोठी दालनं असतात, त्यामुळे वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. पण मधे अरुंद बोळ असू शकतो. तिकीट काढायच्या आधी तेवढं विचारून घ्या, आणि परतायचं झालं तर वाट कुठून आहे तेही. मी घोळक्यात सगळ्यात मागे राहते, मागे कोणी नसलं की बरं वाटतं.

काजवा
दिवे बंद करून दाखवतात ते कोणी अनुभवलंय का?

निवांत_२
हो, आणि या धाग्यावर ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. गाईडने सांगितलं, एक मिनिट कोणी फोन काढू नका, आणि खटका बंद केला. आपण रात्रीच्या अंधाराला काळोख म्हणतो तो काळोख नव्हेच. तिथे डोळे सरावायला काही नसतंच, कितीही वेळ थांबा. मी हात तोंडासमोर हलवला आणि शपथेवर सांगतो, सावली हलल्यासारखी दिसली. बाजूच्यालाही त्याचा हात 'दिसला'. दिसणं शक्यच नव्हतं. हात हलतोय हे मेंदूला ठाऊक असतं, म्हणून तो चित्र रचून देतो. आणि मग ऐकू यायला लागलं, टप्. बऱ्याच वेळाने, टप्. दिवे लागले तेव्हा आमच्यातली दोन बडबडी मंडळी गप्प होती. ती बाहेर येईपर्यंत गप्पच राहिली.

वाकडी_वाट
हाच. हाच कार्यक्रम पाहिजे. बाकी सगळं रद्द करा.

लिंबलोण
अवांतर: आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगच्या छताला तीन वर्षांत बोटभर लांब पांढऱ्या नळ्या आल्यात. मग हजारो वर्षं लागतात ते कसं?

खडकमाणूस
अवांतर नाही, उत्तम उदाहरण आहे. पण तिथलं रसायन वेगळं. काँक्रीटमधून झिरपणारं पाणी कॅल्शियम हायड्रॉक्साइड घेऊन येतं आणि ते हवेतला कार्बन डायऑक्साइड आत ओढून कॅल्साइट बनवतं. गुहेत वायू बाहेर जातो, पार्किंगमध्ये आत येतो. म्हणून पार्किंगवाल्या नळ्या शेकडो पटींनी झपाट्याने वाढू शकतात. त्यांच्याखाली गाडी मात्र लावू नका. ते पाणी तीव्र अल्कधर्मी असतं, रंग खातं.

गुहेतल्या लोंबत्याचा वेग ठिकाणागणिक बदलतो, पण वर्षाला ०.१ मिलिमीटर हा ढोबळ आकडा धरून चला. आपलं नख दिवसाला साधारण तेवढं वाढतं. म्हणजे तुमच्या नखाचा एक दिवस म्हणजे त्याचं एक वर्ष.

मृदगंध
नखाचं वाचल्यापासून मी माझ्या बोटांकडे बघतेय. कामं पडलीत.

निवांत_२
म्हणजे हातभर लोंबता म्हणजे चार-पाच हजार वर्षं. आणि लोक त्याला टेकून फोटो काढतात!

ओसरी
फोटोपेक्षा हात लावणं वाईट ना? मुलांना का नाही लावायचा ते नीट सांगता आलं पाहिजे, नुसतं "लावू नका" चालत नाही.

पाणकोळी
हाताचं तेल. पाण्याचा थर त्या जागी नीट बसत नाही, वाढ खुंटते आणि तेलावर मळ धरून डाग काळा पडतो. जिथे कठड्यालगत हात पोचतो तिथले सुळके बघा, कमरेपासून खांद्यापर्यंत काळे-गुळगुळीत, वर स्वच्छ. काही गुहांत 'याला हात लावा' म्हणून एकच दगड ठेवलेला असतो, मुलांसाठी ते फार छान.

आपण काही न करताही बरंच सांडतो. अमेरिकेत कार्ल्सबाड गुहेत स्वयंसेवक ब्रश आणि चिमटे घेऊन बसतात आणि कपड्यांचे तंतू, केस, कातडीचे कण वेचतात. दिव्यांच्या आसपास हिरवं शेवाळ धरतं, कधी चक्क नेचे उगवतात, जिथे एरवी पानाचा मागमूस नसता. म्हणून दिवा कुठल्या रंगाचा यापेक्षा तो किती वेळ चालू राहतो हे महत्त्वाचं. फ्रान्समधली लास्को गुहा, भित्तिचित्रांची, १९४८ मध्ये लोकांना उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. माणसांचा श्वास आणि दिवे चित्रांना बाधले.

टिंबटिंब
म्हणजे गुहेला सर्वांत मोठा धोका हत्ती बघायला आलेल्यांचा.

रानवेडा
अहो, पण मग हातोड्या मारून वाजवतात ते? अमेरिकेत लुरे गुहेत लोंबत्यांचा ऑर्गन आहे म्हणे.

वाकडी_वाट
फेकू नका.

रानवेडा
फेकत नाही. गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात एका इसमाने सुरांत लागणारे लोंबते गुहाभर फिरून शोधले, काही घासून सुरात आणले आणि रबराच्या हातोड्या वायरींनी पेटीला जोडल्या. ऐकलंय मी. घुमतो, काचेच्या घंटेसारखा. आवडला, आणि लाजही वाटली आवडल्याची.

खडकमाणूस
प्रामाणिक प्रतिसाद. घासले ते आता परत मोठे व्हायचे नाहीत, एवढं लक्षात ठेवून ऐकायचं.

रेघोटी
इथे बरेच दिवस नुसती वाचक होते. आज लिहावंसं वाटलं. माझ्या कपाटात एक तुकडा आहे. शाळेच्या सहलीत उचललेला, दहा-बारा वर्षांची असताना. उचललेला म्हणजे, खरं सांगायचं तर, मोडलेला. करंगळीएवढा, कटकन आवाज आला होता. मैत्रिणींना दाखवला, खूप मिरवला. नखाचं गणित वाचून काल मोजला. सहा सेंटिमीटर. वर्षाला ०.१ मिलिमीटर म्हणजे सहाशे वर्षं. एका सेकंदात.

वाकडी_वाट
मी इथे काहीतरी तिखट लिहिणार होतो. नाही लिहीत.

ओसरी
दहा वर्षांच्या मुलीला कोणी आधी सांगितलं असतं तर मोडला नसता. आमच्यासारख्यांनी सांगायचं असतं ते.

खडकमाणूस
@रेघोटी, तुकड्याची मोडलेली बाजू भिंगाखाली बघा. करंगळीएवढ्यातही झाडाच्या खोडासारखी कडी दिसतात बहुधा. शास्त्रज्ञ तीच वाचतात, शक्यतो उगवत्यांमधली, कारण तिथे थर एकावर एक सरळ रचलेले असतात. पाण्याबरोबर किंचित युरेनियम येतं, थोरियम जवळपास येतच नाही. त्यामुळे थरात सापडणारं थोरियम बहुतांशी तिथेच युरेनियमपासून ठरलेल्या वेगाने झालेलं, आणि त्यावरून थराचं वय निघतं. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, त्या काळी पाऊसमान कसं होतं याचा अंदाज येतो.

मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या अशाच एका उगवत्यात सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मान्सून क्षीण झाल्याची खूण आहे. २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या सगळ्यात अलीकडच्या कालखंडाची सुरुवात त्या खुणेवर ठरवली गेली आणि त्याचं नाव ठेवलं 'मेघालयन'. आपण सगळे आत्ता त्याच कालखंडात बसून हा धागा वाचतोय.

रेघोटी
कडी दिसली. सात मोजता आली, पुढे डोळे भरून आल्यासारखं झालं म्हणून भिंग ठेवलं. हा परत कुठे द्यावा?

पाणकोळी
जिथून आणला त्या गुहेच्या व्यवस्थापनाला पत्र टाका. परत चिकटवता येणार नाही, पण येणाऱ्यांना हातात द्यायला उपयोगी पडेल. तुमच्या चिठ्ठीसकट दिलात तर जास्तच.

उंबरठा
मी अमेरिकेतल्या मॅमथ केव्हला जाऊन आले होते, जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा, ६८० किलोमीटरच्या वर मोजलेली. पण आम्ही गेलो त्या वाटेवर लोंबते दिसलेच नाहीत. नुसते कोरडे बोगदे. फसवणूक वाटली.

भटकभवानी
बंद जागेची धास्ती आणि मॅमथ केव्ह? ग्रेट आहात!

उंबरठा
धास्ती तिथूनच सुरू झाली.

खडकमाणूस
कारण छान आहे. तिथे चुनखडीच्या वर वालुकाश्माची टोपी आहे, ती पाणी खाली उतरू देत नाही. म्हणून बोगदे टिकले आणि कोरडे राहिले. टोपी जिथे फुटलीय तिथेच सुळके आणि पडदे. परत पाण्यावरच आलो बघा.

शंकासुर
मंडळी, जाऊन आलो! धागा लेकीला वाचून दाखवला होता, त्यामुळे गाईडपेक्षा तिचाच तोरा जास्त.

पहिल्या दहा मिनिटांत तिने ओले आणि कोरडे लोंबते वेगळे केले. एका ठिकाणी छताच्या तिरक्या भेगेवरून पाणी ओघळून पडदा झालेला, पदरासारख्या चुण्यांचा. मी गाईडला विचारलं, मागून बॅटरी धरता का? त्याने धरली आणि पडदा आतून उजळला. तांबूस, पांढरा, परत तांबूस असे पट्टे. घोळक्यातून "आऽऽ" आलं. गाईड म्हणाला, हे एवढी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. आणखी एका कोपऱ्यात गुरुत्वाकर्षणाला न जुमानता आडवे-तिडवे वळलेले धाग्याएवढे फुटवे दिसले. @खडकमाणूस, हे काय प्रकरण?

खडकमाणूस
हेलिक्टाइट! नशीबवान आहात. आतली नळी इतकी बारीक की थेंब टांगला जातच नाही, केशाकर्षणाने पाणी टोकाशी येतं आणि स्फटिक वाढेल तिकडे वळतं.

शंकासुर
लेकीने त्याचं नाव 'हट्टी' ठेवलंय. आता लोंबता, उगवता आणि हट्टी.

शेवटी लिंबलोण म्हणाले होते तशी जोडी सापडली, मधे चार बोटांचं अंतर. वरच्याच्या टोकाला थेंब. लेक म्हणाली, पडेपर्यंत थांबायचं. घोळका पुढे गेला, गाईड हाका मारतोय, मी घड्याळ बघतोय. थेंब फुगला, लांबला, थरथरला आणि तरी पडेना. अडतीस सेकंद. टप्. लेक म्हणाली, "बाबा, वाढला."

टिंबटिंब
ते सगळं ठीक. हत्ती होता का?

शंकासुर
होता. या वेळी सोंड ओली होती.